दगडावरचा गूळ

सोनाळा,
गुरुवार

प्रिय कुशल,

'प्रिय' लिहायचं नव्हतं, हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं. राहू दे आता. फोनवर तू "आई, रेंज नाही" म्हणून ठेवून देतोस, आणि पुण्यात रेंज नसते यावर विश्वास ठेवायचा मला कंटाळा आलाय. पंजाबराव लेकीकडे पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती हे पाठवते. वाच गुमान.

शालूमावशीचे टाके काल निघाले. उजवा डोळा गेलाच. डॉक्टर आधी "बघू" म्हणायचे, आता तेही म्हणत नाहीत. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी ती अंगणातल्या चुलीवर पुरण शिजवत बसली होती आणि अस्वलीण कुंपणातून आत शिरली, पाठीवर पिल्लू घेऊन. मावशी ओरडली, अस्वलीण बिथरली, आणि एकाच पंजात तोंडाची ती बाजू गेली. एवढं तुला माहीत आहे. त्यावर तू मला मोबाइलवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलंस. चित्र! अरे, मी शाळेत शिकवायला जायचे तेव्हा तुला दूध-भाकरीचा काला कोण भरवत होतं? शेजारीण म्हणून नाही, पोटचा समजून भरवला तिनं.

बाबांनी निवृत्तीनंतर शेताच्या कडेला पाहुण्यांसाठी त्या खोल्या बांधल्या, तेव्हाचे दिवस आठव. पहाटे पाहुण्यांना घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला जायचे. अस्वलानं उकरलेलं वारूळ, मोहाच्या खोडावरच्या नखांच्या खुणा, नाल्यातले पायांचे ठसे, सगळं कौतुकानं दाखवायचे. जनावर दिसलं तर दिसलं. नाही दिसलं तर संध्याकाळी माझं पिठलं-भाकरी आणि ठेचा होताच. लोक खूश होऊन जायचे आणि पुन्हा यायचे. मग दिवाळीत तू आलास. कुठल्या तरी पाहुण्यानं इंटरनेटवर 'काहीच दिसलं नाही' असं लिहिलं, आणि तुझं डोकं फिरलं. लगेच जाहिरात आली, 'अस्वल हमखास दिसणार'. हमखास! जंगलात हमखास काय असतं रे? आपल्याकडे उन्हाळ्यात घाम तेवढा हमखास.

आणि मग ती अस्वलीण खरंच यायला लागली. मचाणासमोरच्या त्या चपट्या दगडापाशी, रोज दिवस कलताना. बाबा कसे हरखले होते, आठवतं ना? त्यांना वाटलं, हिचा आपल्या रानावर जीव बसला. पाहुण्यांना कुजबुजत सांगायचे, बघा, पिल्लू आईची पाठ सोडत नाही. तू शेजारी उभा राहून हसत होतास. तू पुण्याला गेल्यावरही ती येत राहिली, कारण जाताना तू गोकुळला सांगून गेला होतास की दगडाच्या खाचेत रोज गूळ-शेंगदाणे ठेवायचे आणि बाबांना बोलायचं नाही. गोकुळ आपल्याकडे कामाला. मालकाच्या पोरानं सांगितलं, त्यानं केलं. मावशीला दवाखान्यात नेल्यावर तो माझ्यापुढे बसून ढसाढसा रडला, तेव्हा आम्हाला कळलं. बाबा दारातच उभे होते. त्यांनीही ऐकलं.

काऊन रे? काऊन केलं असं? राग आला की माझी शाळेतली भाषा पळून जाते, जाऊ दे. बाहेरच्या माणसाला हे उमगलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. तू तर इथं जन्मलास! अखजीले गावात घरोघरी पुरण शिजते हे तुले माहीत नव्हतं? ज्या जनावराले रोज गुळाची चटक लावली, ते त्या दिवशी कुठं जाईन? तिची काय चूक? तिले वाटलं, आपल्यासाठीच मांडून राह्यले. आणि ते पुरण कोणासाठी होतं, तेही ऐक. तू सणाला येतो म्हणाला होतास ना? म्हणून मावशीनं डाळ जास्तीची घातली होती. तू आलाच नाहीस.

परवा पिंजरा लावला. आत काय ठेवलं होतं, ठाऊक आहे? गूळ. मायलेकरं सरळ चालत आत गेली. बाबा रस्त्याच्या कडेला उभं राहून बघत होते. घरी आले ते जेवले नाहीत. तिला कुठं नेलं, कुणी सांगत नाही.

आता हे लिहायचं कारण सांगते. वनखात्याच्या लोकांना दगडाच्या खाचेत गूळ सापडला, आणि काल चावडीवर गावानं विचारलं, गूळ कोणी ठेवला? बाबा उठले आणि म्हणाले, "म्या ठेवला. माह्याच हातानं." ज्यांनी अर्ध्या गावाला अक्षर शिकवलं, त्यांच्याकडे पाठ फिरवून माणसं निघून गेली. सोमवारी त्यांना वनखात्यात लेखी जबाब द्यायचा आहे. पुढच्या महिन्यात तुझं गार्गीशी लग्न, पोराला डाग नको, एवढंच म्हणत बसतात. मला त्यांनी शपथ घातली, पोराले सांगू नको. ती शपथ मी मोडतेय, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. रविवारी नांदुऱ्याला उतर, पुढे एसटी आहे. सोमवारी जबाब तू द्यायचा, तुझ्या तोंडानं. आला नाहीस तर मी देईन, आणि मग लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव घालू नकोस. आलास तर आधी घरी येऊ नको. मावशीकडे जा. गूळ कोणी ठेवला, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती रोज एकच विचारते, कुशल आला का म्हणून. तिच्या डाव्या बाजूला बस, म्हणजे तिला तू दिसशील.

अजून तरी तुझीच,
आई