मार्लिससाठी फुकटचं बेट

८ सप्टेंबर, रविवार. सू फॉल्स, घरी.

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलंय, नोंद राहिलेली बरी.

१६ नोव्हेंबरला माझ्या आणि मार्लिसच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. हनिमूनला आम्ही मिचेल गावच्या मोटेलात दोन रात्री राहिलो होतो. त्यातला एक अख्खा दिवस मी खालच्या हॉलमध्ये पंख्यांच्या प्रदर्शनात उभा होतो. (डुकरांच्या शेडचे पंखे. तेव्हाही तेच विकायचो, आजही तेच विकतो.) नोकरी नवीन होती, काय करणार? मार्लिस काही बोलली नाही. स्वभावच समजूतदार.

आता भरपाई. ब्रायरटन हॉटेल्सचे नऊ लाख बारा हजार पॉइंट्स माझ्या नावावर आहेत. पंखे विकत फिरताना मुक्काम त्यांच्याकडेच, रात्रीमागे पॉइंट्स मिळतात. अकरा वर्षं, दर वर्षी शंभरावर रात्री. एकही पॉइंट खर्च केलेला नाही. मार्लिसला उन्हातल्या बेटावर पाच रात्री नेणार. चार रात्रींचे पॉइंट्स भरले की पाचवी फुकट. म्हणजे फुकटातली पण फुकट.

संकल्प: महिनाअखेर बुकिंग.

११ सप्टेंबर, बुधवार. वर्दिंग्टन, खोली २१४.

चौदा बेटांची एक्सेल शीट केली. फिजी, मॉरिशस, बोरा बोरा, सेंट लुशिया वगैरे. रकाने: रात्रीचे पॉइंट्स, एका पॉइंटमागे पदरात काय पडतं, नाश्ता, बोटीचं भाडं, खोली पाण्यावर की जमिनीवर. शेवटचा रकाना ‘मार्लिसची आवड’. तो सध्या रिकामा ठेवलाय, बाकीचं ठरलं की भरू.

संध्याकाळी तिला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, अरे वेंडेल, मला कुठलंही चालेल, खरंच. ऊन असू दे आणि तुझा फोन बंद असू दे, बस्स. फक्त एक ऑक्टोबरच्या आत तारीख सांग, शाळेच्या लायब्ररीत बदली माणूस शोधावा लागतो.

मी म्हटलं, कुठलंही म्हणजे काय? कुठलंही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाच हे लोक टोपी घालतात!

२२ सप्टेंबर, रविवार. घरी.

चर्चमध्ये कॉफीच्या वेळी कळलं, मार्लिसने सगळ्यांना सांगून ठेवलंय. शेजारच्या फिलिसने विचारलं, काय वेंडेल, कुठलं बेट म्हणे? मी म्हटलं, अभ्यास चालू आहे. फिलिस म्हणाली, आमच्या हॅरल्डने दोन तासांत फ्लोरिडा ठरवलं होतं. मी हसलो. तिच्या नवऱ्याने रोख पैसे भरले होते. अशा माणसाशी काय बोलणार.

मार्लिसने उन्हाची टोपी आणलीय. किमतीचं लेबल अजून तसंच आहे. म्हणाली, तारीख ठरली की काढते.

२८ सप्टेंबर, शनिवार. माँकेटो, नाश्त्याची वेळ.

सापडलं! फिजी, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, पाण्यावरची खोली, पाच रात्रींचे आठ लाख. असं वर्षातून एकदा दिसतं.

वॉफलच्या मशिनपाशी रॉली भेटला. माझ्याच कंपनीत, आयोवाकडचा भाग बघतो, पंधरा वर्षांचा मित्र. आनंदाच्या भरात त्याला तारखांसकट सगळं दाखवलं. रॉली म्हणाला, मग बुक कर की गड्या, बसलायस काय? मी त्याला समजावलं, घाई करायची नसते. आठ लाखांचे साडेसात होऊ शकतात. चार दिवस थांबायचं.

रॉली म्हणाला, तू म्हणजे कमाल आहेस. मला बरं वाटलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार. माँकेटो.

फिजी गेलं. त्या आठवड्यातली ती एकच खोली होती.

रॉलीने घेतली. त्याची बायको जोलीन हिने फोटो टाकलाय, वर हृदयाची चित्रं. रॉलीला फोन केला. म्हणाला, अरे, मला वाटलं तुला नकोय, तूच तर थांबायचं म्हणालास! पंधरा वर्षांचा मित्र. याच्या मुलीच्या लग्नात मी खुर्च्या उचलल्या होत्या. असा दगा दुश्मनसुद्धा करत नाही.

मार्लिसचा मेसेज: एक तारीख उलटून गेली, शाळेला काय सांगू? तिला रॉलीचं सगळं सविस्तर लिहिलं. तिचं उत्तर: बरं.

तिलाही धक्का बसलेला दिसतो.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. वर्दिंग्टन, खोली २१४.

ब्रायरटनने एका रात्रीत सगळ्या बेटांचे दर वाढवले. आठ लाखांचं आता साडेदहा. ना सूचना, ना काही. सकाळी दात घासत ईमेल वाचला: प्रिय वेंडेल, तुमच्या निष्ठेची आम्हाला मनापासून कदर आहे, म्हणून काही रोमांचक बदल करत आहोत.

अकरा वर्षं! त्यांच्या कडक उशा, त्यांची पांचट कॉफी, लिफ्टशेजारची खोली, सगळं सोसलं. दुसऱ्या हॉटेलची पायरी चढलो नाही. एकदा बर्फाच्या वादळात पुढच्या चौकातलं हॉटेल सोडून चाळीस मैल गाडी हाकली, कारण पुढचं ब्रायरटन तिथे होतं. त्याचं हे फळ. दिवसभर घशाखाली घास उतरला नाही. दुपारी वॉफल खाल्लं तेवढंच.

२६ ऑक्टोबर, शनिवार. घरी.

फ्रिजवर मॅग्नेटने एक कागद लावलेला. चौकातल्या ट्रॅव्हलवाल्या बाईचा. मेक्सिकोतलं एक बेट, सात रात्री, विमान-जेवण सगळं धरून. मार्लिसने कडेला पेनने लिहिलं होतं: हे चालेल का?

मी तिला बसवून, शांतपणे, पाऊण तास समजावलं. रोख पैसे! आपल्याकडे नऊ लाख पॉइंट्स असताना! वर ते हॉटेल ब्रायरटनचं नाही, म्हणजे त्या सात रात्री हिशेबात धरल्याच जाणार नाहीत. मार्लिस म्हणाली, कोणाच्या हिशेबात?

मग तिने कागद काढला आणि रात्रीच्या जेवणाची हॉटडिश ओव्हनमध्ये ठेवली. पटलं तिला.

९ नोव्हेंबर, शनिवार. घरी.

उपाय सापडला. ‘क्राउन’ मेंबर व्हायचं. वर्षाला एकशे वीस रात्री लागतात. मग बेटावर साध्या खोलीच्या पॉइंट्समध्ये पाण्यावरची खोली देतात, नाश्ता फुकट, संध्याकाळी शँपेन. आजवर तिथे कधी पोचलो नाही. यंदा एकशे अकरावर आहे, आणि हिवाळ्यात कोण पंखे घेतो?

पण नियमात कुठेही लिहिलेलं नाही की हॉटेल दुसऱ्या गावात पाहिजे. आपल्या हायवेच्या फाट्यावरचं ब्रायरटन घरापासून चार मैल. एकोणसत्तर डॉलर. चेक-इन करायचं, चादर जरा विस्कटायची, घरी यायचं. नऊ वेळा. मार्लिसला आत्ताच सांगायचं नाही, सरप्राइज जाईल.

१६ नोव्हेंबर, शनिवार. फाट्यावरचं ब्रायरटन, खोली ११८. दुपारी ३.

लग्नाचा वाढदिवस. मार्लिसला सांगितलं, ब्रुकिंग्जला एका गिऱ्हाइकाचा पंखा बंद पडलाय. म्हणाली, आज? मी म्हटलं, डुकरांना काय कळतं आज काय आहे. सहाला घरी. तिने बीफ आणलंय, केक केलाय.

ही एकशे चौदावी रात्र. लॅपटॉप उघडलाय. पाचला फेब्रुवारीच्या नव्या खोल्या दिसायला लागतात, तेवढं बघून निघतो.

त्याच दिवशी, सव्वासात.

सव्वापाचला दार वाजलं. मला वाटलं टॉवेलवाली. मार्लिस होती. निळा कोट, पायांत घरातल्याच चपला. फिलिसने माझा पिकअप पार्किंगमध्ये पाहिला होता आणि तिला फोन केला होता. (शेजारधर्म!)

मार्लिस आत आली. बाथरूम पाहिलं. कपाट उघडलं. पडद्यामागे पाहिलं. मग दुसऱ्या पलंगावर बसली. मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, अगं वेडे, तसलं काही नाही! आणि सगळी योजना सांगितली. क्राउन, शँपेन, पाण्यावरची खोली. स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवली.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, कोणी बाई असती तर बरं झालं असतं रे, वेंडेल. निदान तिच्याशी भांडता आलं असतं.

आणि गेली. मी मागोमाग जाणार होतो, पण तेवढ्यात मॉरिशस लोड झालं.

घरी आलो तेव्हा दिवे बंद. केक टेबलावर, न कापलेला. तिची उन्हाची टोपी खुंटीवर नाही. चिठ्ठी: नॅडीनकडे चाललेय. नॅडीन म्हणजे तिची बहीण, रॅपिड सिटीला असते. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या तयारीला मदत करायला गेली असणार. दरवर्षी जात नाही, पण यंदा गेली असणार.

माझ्यावर संशय घेतला, हे मात्र लागलं. पंचवीस वर्षांत मी कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग. फाट्यावर, खोली ११८.

घरी एकट्यासाठी टर्की कोण भाजणार? इथे लॉबीत टर्की सँडविच ठेवलं होतं. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, सर, अभिनंदन, ही तुमची एकशे विसावी रात्र! तुम्ही आता क्राउन. तिने कागदाचा मुकुट दिला. घातला.

मार्लिसला फोन लावला. नॅडीनने उचलला. म्हणाली, ती जेवतेय. मी म्हटलं, तिला सांग, क्राउन झालो. नॅडीन म्हणाली, वेंडेल, तुला खरंच काही कळत नाही की तू नाटक करतोस?

नॅडीनला आमच्या संसाराबद्दल पहिल्यापासून आकस.

१४ डिसेंबर, शनिवार. घरी.

वकिलाचं पत्र आलं. मार्लिसचा वकील. असं कुणी करतं? समोर बसून बोलता आलं नसतं? भिंतीवर मूठ आपटली, हात सुजला.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं. घरात हिस्सा नको, पिकअप नको, पेन्शन नको. फक्त पॉइंट्स हवेत, अर्धे. मार्लिसच्या तोंडचं वाक्य वकिलाने जसंच्या तसं घातलंय: यातली प्रत्येक रात्र मी सुद्धा काढली आहे, इकडे, एकटीने.

हिशेबाने बरोबर आहे, हे मान्य करावं लागेल. आणि मुद्दा असा की तिला पॉइंट्स हवेत. म्हणजे बेटावर जायचंय. म्हणजे अजून संपलेलं नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार. घरी.

ब्रायरटन खातं तोडून देत नाही. अर्ध्यात तिला दोनच रात्री मिळाल्या असत्या. मी वकिलाकरवी तिला कळवलं, अर्धे कशाला, सगळे घे, मीच बुक करून देतो, दुसऱ्याच्या नावाने करता येतं. मार्लिसने स्वतः फोन केला! पाच आठवड्यांनी आवाज ऐकला. म्हणाली, थँक्यू वेंडेल. मी विचारलं, कुठलं बेट? म्हणाली, कुठलंही.

तीच मार्लिस!

५ जानेवारी, रविवार. घरी.

आठवडाभर दुसरं काही केलं नाही. मॉरिशस, फेब्रुवारीचा तिसरा आठवडा, पाच रात्री, नऊ लाख. खोली बागेतली आहे, पण मी क्राउन आहे, फोन केला की पाण्यावरची देतील. आयुष्यात इतकं चोख बुकिंग केलं नाही.

फॉर्मवर विचारलं, पाहुणे किती. मार्लिसला मेसेज केला. उत्तर आलं: एक.

मी दोन लिहिले. एकाचे आणि दोघांचे पॉइंट्स सारखेच. आणि माणसाचं मन बदलतं.

१२ जानेवारी, रविवार. घरी, सकाळी ११.

ब्रायरटनच्या क्राउन लाइनवर चाळीस मिनिटं. बाई गोड बोलत होती. तिला सगळं सांगितलं: पाण्यावरची खोली, नाश्ता, शँपेन, आणि पोचल्यावर कोणीतरी तिची बॅग उचला, तिचा खांदा दुखतो.

बाई म्हणाली, सॉरी सर, या सवलती मेंबर स्वतः त्या खोलीत राहत असेल तरच मिळतात.

मी आवाज चढवला. म्हटलं, ती माझी बायको आहे! एकशे वीस रात्री काढल्यात मी, त्या तिच्यासाठीच काढल्या! हा कुठला नियम? विश्वासघात आहे हा. तुमच्या साहेबाला बोलवा. बाई म्हणाली, साहेबही हेच सांगतील, सर, नियम पहिल्या दिवसापासून आहे. मग तिने अगदी हळू विचारलं, तुम्ही स्वतः असणार आहात का तिथे?

समोर बुकिंगचं पान उघडं होतं: पाहुणे दोन. ती फोन धरून थांबली.

नाही म्हणालो.

असं कोणाला सांगायची ही पहिलीच वेळ. नंतर रडूच आलं, त्या परक्या बाईच्या कानात. ती म्हणाली, सर, मग खोली बागेतलीच राहू दे ना? मी म्हटलं, राहू दे. आणि पाहुणे दोन नाहीत, एक करा.