माळवदावरच्या बारा काचा

॥ श्री ॥

वडनेर भोलजी, ता. १८ डिसेंबर १९३७

चि. इंद्रभान यास आजी सत्यभामाबाईचे उदंड आशीर्वाद. इकडे समदे खुशाल, तुही खुशाली कळवत जाय.

तुह्या बारा काचा माळवदावर तिवईवर मांडल्या होत्या, त्या काल उचलल्या. तारे तुटले तेव्हापासून कोणाले वर चढू देलं नाई. शेजारच्या अमीनाची बकरी तेवढी जिन्यानं निघाली होती. अमीना तिले म्हणे, काऊन वो, बाईच्या नातवाचं आभाळ खातं का? मी हासून हासून खालीच बसली.

तू लिहिलं का या खेपेले आभाळातली धूळ भेटली नाई तं संक्रांतीले शिष्यवृत्ती बंद अन् शिकणं खतम. काचा पाह्यल्या तं कोऱ्याच की रे! नुस्तं तुहं ते चिकट औषध. आपल्या घरून कोणाचं भांडं रिकामं परत जात नाई. अमीनाच्या वाटीतई चिमूटभर साखर जाते. मंग तुह्या साहेबाच्या काचा तशाच कशा धाडू? जात्यावरचं ज्वारीचं पीठ फडक्यातून गाळून बाराईवर चिमूट चिमूट टाकलं. आता कशा भरल्यावानी दिसतात! तुह्या बापानं पार्सल नांदुऱ्याच्या गाडीवर देलं. मले दम्यानं काई धाप नाई, काळजी नको. माया पातळ होऊ देऊ नको.

तुही आजी

नागपूर, ता. २३ डिसेंबर १९३७

तीर्थरूप बाबांचे सेवेशी इंद्रभानचा शि. सा. न. वि. वि.

आजीचं पत्र पार्सलामागून दोन दिवसांनी पोचलं. तोवर काचा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या होत्या. एकाच दिशेनं गाळून घेतलेल्या उजेडात कण न् कण झळकला, प्रत्येकावर काळी फुली. मी धावत सरांना बोलावलं. त्यांनी एकदाच डोळा लावला आणि म्हणाले, हे धान्याचं पीठ आहे, अशी फुली पिठाच्याच कणावर उमटते.

पीठ धुऊन काढता आलं असतं. पण पिठातून जात्याचा दगडही येतो. तोही काळा, तोही लोहचुंबकाला चिकटणारा, मी शोधत होतो तसाच. आता आभाळातला कण कोणता नि जात्याचा कोणता, कोणीच सांगू शकणार नाही. असे तारे पुन्हा तुटायला वर्ष लागेल. माझ्यापाशी तीन आठवडे आहेत. धुळीवरून उजेड कसा विखुरतो याचं दोन वर्षं केलेलं गणित खरं की खोटं, ते मला कळायचं नाही.

नांदुऱ्याच्या कापूस बाजारातल्या कारकुनीला माझा होकार कळवावा. आजीला यातलं काही सांगू नये. काम संपलं, एवढंच सांगावं. कृपादृष्टी असावी.

आपला,
इंद्रभान

॥ श्री ॥

वडनेर भोलजी, ता. ३० डिसेंबर १९३७

चि. इंद्रभान यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुहा बाप हिंमत म्हणे काम संपलं, पोरगा घरी येऊन राह्यला. साऱ्या गल्लीत गूळ वाटला बाप्पा! अमीना इचारे, दोन वर्सात झालं नाई ते आठ दिवसात कसं झालं? मी म्हटलं, माह्या हाताचा गुण हाय तो. तू दोनच ओळी लिहिल्या, थकला असशीन. ये अन् खुशाल झोप.

अन् निघताना साहेबाले सांगून ये, आणखी कोण्या पोराचं काम अडलं असंन तं काचा इकडंच धाडा. मी बसलीच हाय. वाट पाहते.

तुही आजी