औषध पाठवत नाही, त्याविषयी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार (उंदरांचे पिंजरे उचलून कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त अर्धाच). मामीचा गुडघा कसा आहे? आजोबा हल्ली घरातल्या घरात वाट चुकतात आणि तुम्हाला पोस्टमन समजून पाणी विचारतात, हे वाचलं. ‘तुझ्या सरांना विसरण्यावर औषध सापडलं म्हणे, एक बाटली पाठव,’ हेही वाचलं. त्या बाटलीविषयी लिहिते.

मी या संशोधनात आले ती आजोबांमुळेच. मुलाखतीत सरांनी विचारलं, ‘हाच विषय का?’ म्हटलं, आजोबा चहात मीठ घालतात. सरांचे डोळे भरून आले. आता प्रत्येक भाषणात तो चहा ते स्वतःच्या वडिलांना पाजतात. (वडील ठणठणीत आहेत, सरांच्या चुका त्यांना तारखेनिशी पाठ आहेत.)

आमच्याकडे मेंदू झिजत जाणारे उंदीर मुद्दाम वाढवतात. भूलभुलैयात आधी धडधाकट उंदीर सोडायचे, मग औषध दिलेले आजारी. खाण्यापर्यंतची वाट आठवली तर औषध लागू. आठवली! सगळे सरळ खाण्यावर. सरांनी उंदीर हातात घेऊन वर्तमानपत्रात फोटो दिला (दोघांतले शास्त्रज्ञ कोण, हे खाली छापलं होतं म्हणून बरं). चाचण्या घेणारी आमची सीनियर, जिला सगळे टापटीप म्हणतात, टेबल पुसते, नळ पुसते, दाराची कडी पुसते. भूलभुलैया आतून कधीच पुसत नव्हती. ती रजेवर गेली आणि पाळी माझ्यावर आली. मी दर उंदरामागे स्पिरिटने पुसलं, तर औषधवाले उंदीर कोपऱ्यात तोंड घालून बसले. त्यांना काही आठवत नव्हतं, मामा. ते पुढे गेलेल्याच्या वासावर चालत होते.

सर म्हणाले, ‘पण तुला पुसायला सांगितलं कोणी?’ टापटीप म्हणाली, ‘इतकी स्वच्छता बरी नव्हे, बाई.’ आता मी काचेच्या नळ्या धुते. तेव्हा औषध नाही.

तुमची विदुषी भाची

ता. क. मामी लिहिते, रविवारी घराला रंग काढताय, आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीवर आजोबांच्या हाताचा काळा पट्टा उमटलाय तो आधी घासणार. तो पट्टा तेवढा राहू द्या. ते त्यावर हात ठेवूनच जातात.

आणखी एक ता. क. पुसून झाला असेल, तर त्यांच्यापुढे चालायला कुणीतरी लागेल. कळवा, मी निघते. नळ्या इथे कोणीही धुवेल.