काळ्या पेंटचा डबा

प्रिय सुमेधा,

फोन तीनदा लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. म्हणून हे पत्र, हाताने लिहिलेलं. तुझ्या अमनला मराठी वाचता येत नाही हे बरंच आहे, तूच सावकाश वाच. राजीव म्हणतो, या वयात पोस्टाने पत्र कोण पाठवतं यार, व्हॉट्सॲप कर. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही त्याला काय सांगणार.

काल तुमच्या रानात जाऊन आले. रवी गेल्यावर किल्ली माझ्याकडे देऊन तू लेकाकडे फ्रिस्कोला गेलीस, तेव्हापासून दर मंगळवारी ऑस्टिनहून ड्राइव्ह करून जाते, तशीच गेले. सांगवत नाही, पण पाण्याच्या टाकीजवळचे आणखी सहा ओक गेले. पान हातात घेतलं की शिरा तपकिरी आणि मधे थोडं हिरवं. मे महिन्यात एका झाडाखाली अशी पानं पडलेली दिसली होती, आता गाडीतून उतरल्यापासून पायाखाली तीच. तीन-चारशे वर्षांची झाडं अशी जुलैमध्ये उघडी पडलेली बघवत नाहीत गं.

काउंटीची ती झाडांची डॉक्टर परत आली होती. नातीच्या वयाची मुलगी, पण फार समजुतीने बोलते. तिने सांगितलं ते रवी आपल्याला पंचवीस वर्षं सांगतच होता, आपण ऐकत नव्हतो. वर वीतभर माती, खाली सगळी चुनखडी. त्या दगडाच्या भेगांतून मुळं वाट काढतात आणि जमिनीखाली एकमेकांना जुळतात. एकाचं पाणी दुसऱ्याला मिळतं, तसंच एकाचं दुखणंही. झाडांना लागलेली ही बुरशी मुळामुळांतून वर्षाला सत्तरेक फूट सरकते. आता आजारी झाडांपासून शंभर फूट सोडून चार फूट खोल चर खणायचा आणि मुळं तोडायची, म्हणजे पलीकडचं रान कदाचित वाचेल. चराच्या आत चाळीस झाडं येतात. त्यांना इंजेक्शनं देऊन बघू म्हणाली, पण हमी नाही. पोर्चसमोरचा तो मोठा, ज्याला रवी ‘आजोबा’ म्हणायचा, तोही आतच येतो.

बरं, चर तरी लगेच खणावा, तर तेही नाही. पिवळ्या गालाचे रवीचे पक्षी अजून आहेत. जगात दुसरीकडे कुठेही नाही, फक्त आपल्या या टेकड्यांत घरटी करतात, तीही म्हाताऱ्या सीडर झाडांच्या सालीच्या धाग्यांची, आणि पिल्लांना अळ्या भरवतात त्या ओकवरच्या. ते गेल्याशिवाय खडक कापायचं मशीन आत आणायचं नाही. म्हणजे ऑगस्टपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. पक्ष्यांसाठी थांबतोय, आणि थांबतोय तोवर त्यांचंच रान जातंय. काल पोर्चवर तासभर बसून राहिले. काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून नुसता केर काढला.

आठवतं, सुरुवातीला आपण सगळे रवीची किती थट्टा करायचो? अर्विंगहून, ह्यूस्टनहून मंडळी यायची श्रीखंड-पुरीला, आणि हा जेवणाआधी सगळ्यांना उन्हातून फिरवायचा. इथे कधीही कोणी घर बांधू शकणार नाही, असं कागदोपत्री करून टाकलं तेव्हा राजीवच म्हणाला होता, अरे, हे काय खूळ. शेडच्या दारावर त्याने मराठीत पाटी लावली होती: फेब्रुवारी ते जून करवतीला सुट्टी. ताज्या कापावर किडे येतात, बुरशी घेऊन येतात. वादळाने फांदी मोडली तरी हा काळ्या पेंटचा डबा घेऊन धावायचा, जखमेवर मलम लावावं तसं. डबा अजून तिथेच खिळ्याला टांगलेला आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस की हे रवीनेच केलं असणार. शेवटच्या वर्षात त्याला भान नव्हतं, करवत घेऊन कुठेतरी फिरला असेल. फाटकावर त्याच्या नावाची पाटी लावायची ठरली होती, तीही तू कॅन्सल केलीस. ज्याने रान मारलं त्याचं नाव कशाला, असं म्हणून रडलीस. आणि मी मूग गिळून गप्प बसले. सुमेधा, गेल्या वर्षीच्या पाडव्याला मी गुढीचं सगळं आणलं, साडी, तांब्या, गाठी, आणि काठीच घरी विसरले. ती आपली भिंत रंगवायच्या रोलरची लांब काठी, दरवर्षीची. तू आत पुऱ्या तळत होतीस, माणसं यायला लागली होती, मला लाज वाटली. शेडमधून करवत घेतली आणि टाकीजवळच्या ओकची एक सरळ फांदी कापली. दारावरची पाटी वाचूनच आत गेले होते. म्हटलं, एका फांदीने काय होतंय. वरून साडी नेसवली, कोणाला कळलं नाही. फक्त पोर्चवरच्या खुर्चीतून रवीने पाहिलं. दिवसभर तो माझा पदर ओढून टाकीकडे बोट दाखवत होता, पेंट, पेंट म्हणत होता. सगळ्यांना वाटलं बरळतोय. तू माझी माफीसुद्धा मागितलीस त्याच्याबद्दल. मला कळत होतं गं. मीच वेड पांघरून पेडगावला गेले, हो हो म्हणत त्याला श्रीखंडाचा चमचा भरवला, आणि तो गप्प झाला. रान परत देणं माझ्या हातात नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण त्याची पाटी लाव. त्या दिवशी तिथे भानावर असलेला तो एकटाच होता.

तुझीच, अजून म्हणवून घेता येत असेल तर,
कांचन