लाँड्रीतून आलेली शाल

नेरुळ, शनिवार, सायंकाळ

मालती रघुनाथ केळुसकर, तू शब्द मोडलास का?

तू हे जग सोडून गेल्यावर आज प्रथमच तुझी धाकटी बहीण नलू तुझे कपडे न्यायला आली होती. राखाडी शाल पुढे करून म्हणाली, "भाऊजी, ताईचा वास आहे बघा अजून." मी शाल नाकाशी नेली आणि म्हणालो, "हो, आहे."

मला जन्मापासून गंध येत नाही. ज्या दुर्मीळ दोषामुळे माझे शरीर पुरुषी हार्मोन बनवत नाही, त्याचाच तो भाग. डॉक्टरांखेरीज हे फक्त तुला ठाऊक होते, आणि कोणाला सांगणार नाही असा शब्द तू दिला होतास. दर तीन आठवड्यांनी हार्मोनचे इंजेक्शन तूच देत होतीस.

मग शालीच्या काठाला टाचलेली लाँड्रीची चिठ्ठी दिसली. धुतलेल्या शालीला तुझा वास कसा असेल? नलू मला पारखत होती का? मी तिला तसे स्पष्ट विचारले.

"ताईनं मला इंजेक्शन द्यायला शिकवलंय," ती म्हणाली. "गुरुवारी आहे ना? येते मी."

"आवश्यकता नाही."

"मग कोण टोचणार? सोसायटीचा वॉचमन?"

मदतच करायची होती, तर ती चिठ्ठी लागलेली शाल मला हुंगायला का दिली? मी तिच्याकडे असलेल्या आपल्या घराच्या किल्ल्या मागितल्या.

तिने त्या परत केल्या. दाराला आतून कुलूप लावले आहे.