फडक्यातलं विरजण

ता. १७, रविवार

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. मी बरा आहे, खोकला गेला. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. हे पत्र शेजारच्या शिवणवालीकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव, दार लोटून घे नि सावकाश वाच. सातवी नापासाचं अक्षर आहे, घाई केलीस तर लागणार नाही.

मामाच्या समारंभाचं लिही म्हणाली होतीस. मामा फार मोठा झाला गं. तो परदेशी निघताना तू जुन्या पातळाचा तुकडा दह्यात बुडवून, सावलीत वाळवून त्याच्या कमरेला बांधला होतास. "तिकडच्या दुधात टाक, लागेल." तेव्हा इथे त्याची एक खोली नि एक शेगडी होती. आता टाक्या अशा, की माणूस आत उभा राहील. चारशे माणसं कामाला. दुकानादुकानात आपल्या दह्याचे डबे, झाकणावर 'ताई'. सगळं यंत्रावर चालतं, पण टाक्या भरायच्या आधी उद्याच्या विरजणाची एक वाटी बाजूला काढायची, ती हातानेच. ती वाटी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. बॉयलरवाला म्हातारा रोज चिडवायचा, "काय वाटीवाले, न्हाऊमाखू घातलंत का बाळाला?"

तर समारंभ. आईविना मुलींसाठी मामाने वसतिगृह बांधलंय. तीन मजले, प्रत्येक पलंगाला आपली खिडकी. खोटं कशाला बोलू, काम देखणं आहे. दारावर पाटी, 'ताईचं घर'. आत शिरल्यावर समोर तुझा फोटो, चांगला दाराएवढा. लग्नातला, बाबांना कापून. फुलं पुष्कळ होती.

तू मागच्या पत्रात विचारलंस, तुझ्या इकडे येण्याचे कागद कुठवर आले. सांगतो.

आधी फुलांचं सांगतो. फुलं फोटोला होती, आई. हार होता.

मला वाटलं, इथल्या लोकांना कळत नसेल, हौसेने घातला असेल. मग मामाने मला मंचावर बोलावलं. खांद्यावर हात ठेवला नि म्हणाला, "माझी बहीण जाताना या लेकराला माझ्या पदरात टाकून गेली." लोक टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत मंचावर आली, तिने माझ्या गालावरून हात फिरवला नि माईक तोंडाशी धरून विचारलं, "आईची आठवण येते का रे?"

मी हो म्हणालो.

एवढंच म्हणालो. माझी आई जिवंत आहे, तिच्या गुडघ्याला सूज आहे, हे तोंडातून निघालं नाही. वरून हात जोडले. फोटोला नमस्कार करायला सांगितलं, तोही केला. दुसऱ्या कुणाचं मी तुला लिहिलं असतं, तर तू म्हणाली असतीस, असा मुलगा नसलेला बरा.

दुसऱ्या दिवशी मामाच्या खोलीत गेलो. चहा मागवला त्याने, माझ्यासाठी दोन चमचे साखर, अजून लक्षात आहे त्याच्या. मी म्हटलं, "मामा, आईला मारलंत कशाला?"

"हळू बोल. सुरुवातीला एकदा सांगून गेलो. लोकांचं मन भरून आलं, दुकानं दारं उघडायला लागली. मग परत कसं फिरवणार?"

"आणि तिचे कागद? दोन वर्षं झाली."

त्याने खालचा खण उघडला. तुझे कागद तिथेच होते, तू गुंडाळलेल्या पिशवीतच. दोराही सुटला नव्हता. म्हणाला, "मेलेल्या बाईला बोलावू कशी, तूच सांग. तिच्या नावाने दोनशे पोरी जेवतायत. त्यांच्या तोंडचा घास काढू?"

पोरी खरंच जेवतात, आई. पण तुझ्या आजारपणात घरचं विरजण मोडलं म्हणून तू त्याच्याकडे चमचाभर मागितलंस, तेव्हा कारखान्याबाहेर थेंब जायचा नाही म्हणाला होता. ते आठवलं नि मी पिशवी उचलली.

खाली वाटीपाशी गेलो. एकदा मनात आलं, ओतावी मोरीत, बसू दे बोंबलत. हात नाही धजला. अन्नावर राग काढायचा नाही, हे तूच मारून शिकवलंस. खिशातला धुतलेला रुमाल बुडवला, घट्ट पिळला नि बाहेर पडलो. दारात म्हातारा म्हणाला, "वाटीवाले, बाळाला टाकून कुठे?" मी म्हटलं, "बाळाच्या आजोळी."

आता एका पावाच्या भट्टीत कणीक मळतो. हात भरून येतात, पण मालक माझी गोष्ट कुणाला सांगत नाही.

रुमाल सावलीत वाळवून पाकिटात घातलाय. दूध बोटाला सोसेल इतपत कोमट घे, त्यात टाक, झाकून ठेव, सारखं उघडून बघू नकोस. पहिल्यांदा पातळ लागेल. दुसऱ्यांदा बसेल. तुझंच आहे, तुला ओळखेल.

तुला बोलवायचा अर्ज परवा मी माझ्या नावाने भरला. वेळ लागेल म्हणाले. त्यात एक रकाना होता, अर्जदाराची आई हयात आहे का? खिडकीवरच्या माणसाला माझं अक्षर लागेना. मी पेन परत मागून घेतलं, 'आहे' वरून गिरवून ठळक केलं, नि मागची सगळी रांग ऐकेल असं वाचूनही दाखवलं.

त्या दिवशी ते माईकवर म्हणायचं होतं. उशीर झाला. रागव, पण पत्र लिही. तुझ्या हातचं लिही.

आई असलेला,
तुझा धाकटा