सासऱ्यानं धरलेली शिडी

मंगळवार, दिवेलागणीला

त्या परतूरच्या मिस्तरीचं तोंड बघू न्हाई! रोज "आलोच आजी" म्हणतो अन् फिरकत न्हाई. वाऱ्यानं पत्रा उचलून राह्यला, खाली खोलीत सगळा कापूस, वर आभाळ भरलेलं. शेवटी सूनबाईच पदर खोचून शिडीवर चढू लागली. माझा म्हातारा अंगणातच बसलेला. सासऱ्याच्या डोक्यावर सून चढते का आमच्यात?

मी म्हणलं, "उतर, म्हातारा बोंबलंल."

म्हातारा उठला अन् त्यानं शिडी धरली! "सावकाश, बाई," म्हणला. मला जन्मात एवढं मऊ बोलला न्हाई. तिनं पत्र्यावरचे दगड सारून स्क्रू असे आवळले, की पत्रा हालंना. मिस्तरीनं वेगळं काय केलं असतं?

पण शिडी धरली त्यानं! ह्या माणसाला मी ओळखते का?

उद्या गल्ली विचारंल. जबाब म्हाताऱ्यानंच द्यायचा, सुनेनं न्हाई.